तीन पौंडांचे व्हायोलिन

परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानात लोणच्याची बरणी, भाजणीचे पीठ, मेतकूट आणि देवाची लहानशी तसबीर एवढे घातले म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे आपल्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून आजही मानले जाते. पण त्या सामानात आणखी एक जिन्नस असते. ती आईला दिसत नाही आणि विमानतळावरच्या काट्यावर तिचे वजनही होत नाही. आपण तिकडे गेलो की निराळे होणार, हा त्या मुलाचा मनातल्या मनात केलेला संकल्प म्हणजेच ती जिन्नस. दांडिया बाजारात ज्याला सारे लहानपणापासून ओळखतात, त्याला एकाएकी निराळे होण्याची सोय नसते. पहाटे चार वाजता उठला तर आजी विचारणार, ‘पोट दुखते का रे?’ परक्या मुलखात मात्र ओळखणारे कोणी नाही. तेथे उद्यापासून नवा मनुष्य म्हणून वावरायला कोणाची हरकत असणार?

मग प्रयोग सुरू होतात. थंड पाण्याची आंघोळ, उपास, व्यायामशाळा, फ्रेंच भाषा, गिटार, रोज इतकी पाने वाचन. भिंतीवर यादी चिकटते आणि हातातला फोन पावले मोजू लागतो. थोरली मंडळी हे ऐकून एक तर हसतात नाही तर धास्तावतात. मला यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. कारण अशाच एका मुलाने १८८८ साली लंडनला जाऊन अशीच यादी केली होती, आणि त्या यादीत एक व्हायोलिन होते.

त्या व्हायोलिनशी माझा संबंध कोणता, ते सांगतो. माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात गवई होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते पंचविशीत होते. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. दरबार मी पाहिला नाही, पण दरबाराची शिस्त घरात पाहिली, आणि पुढे गाणे शिकवणे हाच माझा पोटाचा धंदा झाला. त्यामुळे थोरामोठ्यांची चरित्रे वाचतानाही माझी नजर आधी वाद्याकडे जाते. गांधीजींची आत्मकथा प्रथम वाचली तेव्हा सत्य आणि अहिंसा यांच्या आधी मी त्या व्हायोलिनपाशीच अडखळलो. तीन पौंडांना घेतलेले ते वाद्य तीन महिन्यांत विकायला निघाले. लोक ही गोष्ट ‘तरुणपणीची चैन गांधीजींनी कशी टाकली’ या थाटात सांगतात. मला गाण्याचा मास्तर म्हणून ती निराळी दिसते.

मोहनदास मुंबईहून ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोटीवर चढला. वय वर्षे एकोणीसही पुरी नव्हती. (त्या वेळच्या त्या पोराला एकेरी संबोधण्याची मोकळीक वाचकांनी मला द्यावी.) काठेवाडातल्या लहान संस्थानांच्या दिवाणाचा तो मुलगा. वडील वारलेले, थोरल्या भावाने पैशांची तजवीज केलेली आणि समुद्र ओलांडतो म्हणून जातीने बहिष्कार घातलेला. आईने जाऊ दिले ते तीन शपथा घेऊनच. मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवायचे नाही. लंडनला उतरला तो पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत. थंडीचे दिवस, सारा गाव काळ्या कपड्यांत, आणि हा एकटा बगळ्यासारखा पांढरा! पहिल्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. त्यांची उंच टोपी याने सहज हातात घेतली आणि तिच्यावरून उलटा हात फिरवून लव बिघडवली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हा विलायतेचा पहिला पाठ तेथे मिळाला.

पुढले दिवस उपासमारीचे गेले. उकडलेल्या, अळणी भाज्या घशाखाली उतरेनात. मित्र म्हणत, शपथ ती काय, आणि तीही अडाणी आईपुढे घेतलेली! त्यांतल्या एकाला फारच काळजी वाटे. मांस न खाणारा हा मुलगा इंग्रजी समाजात वेड्यासारखा दिसेल, असे त्याचे म्हणणे. त्याने एके दिवशी मोहनदासला नाटकाला न्यायचे ठरवले आणि आधी हॉलबर्न नावाच्या भव्य उपाहारगृहात जेवायला नेले. सूप आले. मोहनदासने वाढप्याला जवळ बोलावले. हे पाहून मित्राने कारण विचारले, आणि सुपात मांस आहे की काय ते विचारतो आहे असे कळताच तो भडकला. सभ्यपणे वागता येत नसेल तर बाहेर जा, दुसरीकडे कुठे जेव आणि माझी वाट पाहा, असे त्याने बजावले. मोहनदास बाहेर पडला. जवळचे शाकाहारी खानावळीचे दार बंद होते. त्या रात्री तो उपाशीच नाटकाला बसला.

यादी जन्मली ती येथे. शपथ सोडायची नाही हे ठरलेलेच होते. मग मित्राचे समाधान कसे करायचे? मांस खात नाही हे उणे बाकी सगळ्या बाबतींत सभ्य गृहस्थ होऊन भरून काढायचे. आत्मकथेत हे कारण त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. ते वाचले की या प्रयोगांमागची चैन दिसेनाशी होते आणि एका संकोची मुलाची लाज दिसू लागते.

यादीचा जमाखर्चही आत्मकथेत आहे, आणि मला हिशेब मांडायला आवडतो. बाँड स्ट्रीटवर शिवलेला संध्याकाळचा पोशाख, दहा पौंड. उंच टोपी, एकोणीस शिलिंग. नाचाच्या शिकवणीची फी, तीन पौंड. व्हायोलिन, तीन पौंड. वक्तृत्व शिकवणाऱ्याला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. बेरीज केली तर बरोबर अठरा पौंड होतात. व्हायोलिनच्या शिकवणीची फी आणि वक्तृत्वाचे पुस्तक निराळेच. घड्याळाची सोन्याची दुहेरी साखळी भावाकडून मागवली. रोज दहा मिनिटे मोठ्या आरशापुढे उभे राहून टाय आणि भांग. आपल्या घरी आरसा लागे तो फक्त न्हावी आला म्हणजे, असे त्यांनीच नमूद केले आहे.

आता व्हायोलिन कोठून आले ते पाहा. नाचाच्या वर्गात तीन आठवड्यांत पाचसहा पाठ झाले, पण पियानोचा ठेका कळेना, पाय तालात पडेनात. तेव्हा पाश्चात्य संगीताला कान तयार व्हावा म्हणून व्हायोलिन घेतले. म्हणजे एक येत नाही म्हणून दुसरे! गोसाव्याने लंगोटी उंदरांपासून वाचवायला मांजर पाळले, मांजराला दूध हवे म्हणून गाय आणली, गायीला राखण हवी म्हणून माणूस ठेवला, ही आपल्या सर्वांची लहानपणची गोष्ट. गांधीजींनीही स्वतःवर हसत येथे तीच आठवली आहे.

मास्तर म्हणून माझे म्हणणे एवढेच की, क्रमच उलटा होता. व्हायोलिनच्या पट्टीवर सतारीसारखे पडदे नसतात, हार्मोनियमसारख्या पट्ट्या नसतात. बोट कोठे ठेवायचे हे कानाने सांगायचे असते, आणि बोट केसभर सरकले तरी स्वर ढळतो. ज्याचा कान तयार आहे त्याचे हे वाद्य. कान तयार करायला ते घेणे म्हणजे पोहायला येत नाही म्हणून होडी विकत घेणे. आणि ठेका कळत नसेल तर त्याला वाद्य कशाला हवे? आपल्याकडे मूल मांडीवर हात मारत मात्रा मोजायला शिकते. त्याला एक पैसा पडत नाही. महिना-दोन महिने रोज अर्धा तास हातावर ठेका धरला असता तर पियानोही कळला असता. पण यादी करणाऱ्याला फुकटची गोष्ट सुचत नाही. विकत घेतलेली वस्तू घरात आली की अर्धी विद्या आली असे त्याला वाटते. आजही माझ्याकडे नवे पालक येतात ते आधी कोणती पेटी घ्यावी हे विचारायला. मुलगा रोज किती वेळ बसेल, हे विचारणारा वर्षातून एखादा.

परके वाद्य घेण्यात काही वावगे आहे असे मात्र माझे मुळीच म्हणणे नाही. हेच विलायती व्हायोलिन दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाण्याच्या बैठकीत आले. बाळुस्वामी दीक्षितर आणि तंजावरच्या भोसल्यांच्या मराठी दरबाराशी संबंध असलेले वडिवेलू, ही त्यातली ठळक नावे. दक्षिणेतल्या वादकांनी वाद्य तेच ठेवले, पण ते जमिनीवर मांडी घालून वाजवायला घेतले, आणि तारा आपल्या षड्ज-पंचमात मिळवल्या. आज त्याच्याविना कर्नाटक संगीताची मैफल क्वचितच होते. परकी वस्तू पचली, कारण घेणाऱ्याचा षड्ज आधी पक्का होता. लंडनच्या मोहनदासचाही षड्ज होता. आईपुढची शपथ हाच तो षड्ज. पण त्या तीन महिन्यांत तो त्या षड्जावर गात नव्हता. त्याची लाज वाटते म्हणून वरून मोठमोठ्याने दुसरेच सूर लावत होता.

सुमारे तीन महिन्यांनी वक्तृत्वाच्या पुस्तकातली पिटच्या भाषणाची घोकंपट्टी चालू असताना डोक्यात उजेड पडला. मला काही जन्मभर इंग्लंडात राहायचे नाही, मी विद्यार्थी आहे, माझे काम अभ्यास. वक्तृत्वाच्या शिक्षकाला पत्र गेले, नाचाच्या शिक्षिकेलाही गेले. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे मात्र तो स्वतः गेला आणि येईल त्या किमतीला वाद्य विकून टाका अशी विनंती केली. बाईंशी त्याचा स्नेह जुळला होता, म्हणून आपण कसे भुललो होतो हे त्याने त्यांना मोकळेपणी सांगितले. बाईंनी त्याच्या निश्चयाला उत्तेजन दिले. त्यांचे नाव आत्मकथेत नाही. पण शिकवणी बंद करायला आलेल्या विद्यार्थ्याला ‘बरोबर करतोस’ म्हणणारा शिक्षक किती दुर्मिळ असतो हे आम्हा शिकवणी घेणाऱ्यांनाच ठाऊक! त्या अनामिक बाईंना माझा नमस्कार. व्हायोलिन तर हिंदुस्थानातही शिकता येईल, असाही एक विचार त्या वेळी त्याच्या मनात आला होता. बडोद्यात तेव्हा मौलाबक्षांची गायनशाळा सुरू होऊन दोनतीन वर्षे झाली होती. विचार चुकीचा नव्हता.

येथे लोक गोष्ट संपवतात. माझ्या मते ती येथून सुरू होते. प्रयोग काही थांबले नाहीत. बदलली ती त्यांची जात.

मोहनदासने एक वही घातली. बसचे भाडे, टपालाचे तिकीट, वर्तमानपत्राचे दोन पैसे, सारे तीत लिहायचे आणि निजण्यापूर्वी मेळ घालायचा. ही सवय पुढे जन्मभर राहिली, आणि लाखो रुपयांचा सार्वजनिक पैसा हाताखालून गेला तरी कर्ज उभे राहिले नाही, याचे श्रेय त्यांनी या वहीलाच दिले आहे. वहीने सांगितले की एखाद्या कुटुंबात राहण्यापेक्षा स्वतंत्र खोल्या घेणे स्वस्त. खोल्या अशा जागी घेतल्या की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी जाता यावे. रोज आठ-दहा मैल चालणे होऊ लागले, आणि त्यामुळे आपण विलायतेत आजारी पडलो नाही असे ते म्हणतात. पुढे दोन खोल्यांची एक झाली. शेगडी घेतली. सकाळी ओटची लापशी आणि कोको. या स्वयंपाकाला वीस मिनिटे. दुपारी बाहेर जेवण, रात्री घरी पाव आणि कोको. दिवसाचा जेवणखर्च एक शिलिंग तीन पेन्स. आता मघाचे अठरा पौंड या दराने मोजा. दोनशे अठ्ठ्याऐंशी दिवसांचे जेवण त्यात बसते. केवळ त्या बाँड स्ट्रीटच्या पोशाखातच एकशे साठ दिवसांचे!

अन्नाचेही प्रयोग झाले. फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी उपाहारगृह सापडले, आणि तेथे दाराशी मांडलेले हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक त्याने एका शिलिंगाला विकत घेतले. तोपर्यंत तो मांस खात नव्हता तो केवळ शब्दाला जागून. मनातून त्याला वाटे की सर्व हिंदी लोकांनी मांस खावे, आणि आपणही पुढे कधी तरी उघडपणे खाऊ. पुस्तक वाचल्यावर शपथ त्याची स्वतःची झाली. शिष्य आधी गुरूच्या धाकाने षड्ज लावतो, आणि एके दिवशी तो त्याला आतून ऐकू येतो, तसेच हे. मग घरून आलेले मसाले आणि मिठाई सोडून पाहिली, आणि मसाल्याविना उकडलेला पालक रुचू लागला. खरी चव जिभेत नसून मनात असते, असा निष्कर्ष निघाला. अंडी मांसात धरावीत की नाही, यावर विलायतेत तीन निरनिराळ्या व्याख्या होत्या. काही दिवस त्याने अंडी खाल्लीही. मग विचार केला, शपथ जिच्यापुढे घेतली त्या आईची व्याख्या तीच खरी. अंडी सुटली.

यातले काही साधले, काही नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत लॅटिनमध्ये तो एकदा नापास झाला आणि दुसऱ्या खेपेस पास. कपड्यांचा टापटीपपणा तर पुढे कितीतरी वर्षे राहिला. सच्चिदानंद सिन्हा यांनी १८९० साली त्याला पिकॅडिली सर्कसपाशी पाहिले ते चकचकीत उंच रेशमी टोपीतच. बोलण्याचा संकोचही गेला नाही. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत निवड झाली, पण बैठकीत तोंड उघडेना. जून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परत निघताना त्याने मित्रांना निरोपाची मेजवानी दिली, आणि भाषणाला उठला तो एका वाक्यापुढे जाऊच शकला नाही. एका गिनीचे वक्तृत्व तेथे उपयोगी पडले नाही.

पण ती मेजवानी कोठे होती? त्याच हॉलबर्न उपाहारगृहात! शाकाहारी खानावळीत शाकाहारी जेवण मिळते यात नवल काय, मांसाहारी ठिकाणी का मिळू नये, असे म्हणून मोहनदासने व्यवस्थापकाशी बोलून तेथे निव्वळ शाकाहारी पंगत मांडवली. सुपाची चौकशी केली म्हणून जेथून उठून जावे लागले, तेथे तीन वर्षांच्या आत तो यजमान होऊन बसला. व्हायोलिन, नाच आणि वक्तृत्व यांतले काहीही त्याला तेथवर घेऊन आले नव्हते. वही, पायपीट, शेगडी आणि आधी धरलेला एक स्वर, एवढ्यावर तो आला होता. ज्या आईपुढे शपथ घेतली ती मात्र तो इंग्लंडात असतानाच वारली होती. मुलाला परक्या देशात धक्का बसू नये म्हणून घरच्यांनी हे कळवले नव्हते. मुंबईला उतरल्यावर त्याला ते कळले.

आणि संगीताचे काय झाले, असे एखादा विचारील. व्हायोलिन ते पुन्हा शिकले नाहीत, पण संगीत आयुष्यातून गेले नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात संगीतशिक्षक होऊन राहिले, आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली, आणि १२ मार्च १९३० रोजी दांडीला निघालेल्या तुकडीत हा मराठी गवईही होता. वाटेतल्या प्रार्थनांचे सूर त्यांचे होते. बाँड स्ट्रीटच्या पोशाखाला शोभावे म्हणून घेतलेले संगीत टिकले नाही. रोजच्या प्रार्थनेत मिसळलेले टिकले.

आता आपल्या बडोद्याचे उदाहरण. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारने भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तेथे अस्पृश्य म्हणून कोणी बाजूला बसवीना. मोकळेपणाचे ते पहिले दिवस बाबासाहेबांनीही इतर मुलांप्रमाणे थोडे हिंडण्या-फिरण्यात घालवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मग त्यांनीही एक स्वर धरला, अभ्यासाचा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. १९१७ मध्ये परतताना सामान ज्या बोटीने आले ती पाणतीराने बुडाली व त्यांतले पुष्कळ ग्रंथ समुद्रात गेले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते नोकरीतली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर. तेथे ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताना आत शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, हा क्रम. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. ते ज्या घरात राहत ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले, आणि आता तेथे स्मारक आहे.

पण बडोदेकर म्हणून येथे मला थांबता येत नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीला ते या शहरात आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकलले, आणि कमाठीबागेत एका झाडाखाली बसून त्यांनी ते तास काढले. ज्या शहराच्या पैशाने तरुण जगातल्या उत्तम विद्यापीठात गेला आणि स्वतःला घडवून आला, त्या शहराला त्याच्यासाठी चार भिंती सापडल्या नाहीत. आमच्या वाड्यांतूनही तेव्हा त्यांना कोणी ओसरी दिली नाही, हे मराठी माणसाने म्हटले पाहिजे. मुलाने परदेशी जाऊन सुधारावे अशी आपली अपेक्षा असते. तो सुधारून आला की आपण काय करणार, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. मोहनदास परतला तेव्हा जातीच्या काही लोकांनी त्याच्यासाठीही दार उघडले नव्हतेच.

माझा एक विद्यार्थी दोन वर्षांमागे कॅनडाला गेला. जुन्या मराठी घरातला, गळा बरा, स्वभाव उतावळा. तीन महिन्यांत त्याची यादी आठ कलमांपर्यंत गेली. गिटार घेतली, व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी भरली, सोळा तासांचे उपास धरले. सहाव्या महिन्यात त्याचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही जरा बोला. फोनवर आमच्याशी नीट बोलत नाही. काहीच जमत नाही, मी फुकट आहे, असे म्हणतो.’ ते शब्द उच्चारताना त्यांचा आवाज कापत होता. परक्या देशात, कडाक्याच्या थंडीत, एकट्या खोलीत बसून एखादा पोर स्वतःला फुकट म्हणू लागला, तर त्यात विनोद राहत नाही.

मी त्याला उपदेश केला नाही. विचारले, ‘आज जेवलास काय?’ तो म्हणाला, ‘सर, बिस्किटे.’ मी म्हटले, ‘यादी राहू दे. महिनाभर दोनच गोष्टी कर. एक, रोज स्वतःच्या हाताने खिचडी लाव. दुसरी, कुकरच्या शिट्या होईतो तंबोरा लावून नुसता षड्ज धर. फोनमधला तंबोराही चालेल. आणि दोन्ही केले की वहीत तारीख लिही. केले नाही तर ते पान कोरे ठेव. सबब लिहायची नाही.’ गिटारीचे काय, असे त्याने विचारले. म्हटले, ‘असू दे कोपऱ्यात. षड्ज लागला की ती कोठे जात नाही.’

महिन्याअखेर त्याने वहीचे चित्र पाठवले. एकतीस पानांपैकी अकरा कोरी होती. वडिलांना ती अकरा दिसली, मला वीस दिसली. पुढच्या महिन्यात सहा कोरी होती. आता तो सकाळी कामावर पायी जातो, आणि रविवारी दोन मित्रांना जेवायला बोलावतो. गिटार त्याने गेल्या हिवाळ्यात विकली. ती विकून काही बिघडले नाही, असे तो आपणहून म्हणाला. आवाज अजून कच्चाच आहे. पण षड्ज स्थिर होऊ लागला आहे.

माझे वडील नव्या शिष्याला सहा महिने रागाचे नावही काढू देत नसत. तंबोरा मिळव, षड्ज लाव, घरी जा. शिष्य कंटाळत, काही पळूनही जात. टिकलेल्यांना मग कोणताही राग जड गेला नाही. परदेशी गेलेल्या मुलाच्या बाबतीत मला याहून निराळे काही सांगता येणार नाही. त्याला प्रयोग करू द्यावेत. वयच ते आहे, आणि जेथे कोणी ओळखत नाही तेथेच ते मोकळेपणी होतात. त्यातले बरेचसे फसतील. अठरा पौंडांची यादी फसली म्हणून मोहनदासचे काही बिघडले नाही. आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. त्याच्यापाशी एखादा स्वर पक्का असावा, असे घर त्याला आधी दिले पाहिजे. आणि रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा ‘नवीन काय काय शिकलास?’ असे विचारण्याऐवजी ‘काल काय केलेस, काय रांधलेस, किती चाललास?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला तो काही तरी मोठे रचून सांगेल. दुसऱ्याला खरे उत्तर द्यावे लागते, आणि तेवढ्याने परक्या देशातली त्याची रात्र थोडी सोपी होते.